प्लॅन ७९९ चा, बिल ९४३ चं आणि कधी थेट १,५७१ चं! ब्रॉडबँडची रक्कम नेमकी कुठे बदलते?

घरी वाय-फाय घेताना सांगितलेला आकडा असतो ७९९ रुपये. पहिलं बिल येतं १,५७१ रुपयांचं. पुढच्या महिन्यात ९४३. सहा महिने तेच सुरू राहतं आणि सातव्या महिन्यात अचानक १,१७९ रुपये कापले जातात. तुम्ही प्लॅन बदललेला नसतो, स्पीड तोच असतो, कंपनीने दरवाढ केल्याची बातमीही कुठे वाचलेली नसते. कस्टमर केअरला फोन केला तर ‘सर, सिस्टिममध्ये असंच दिसतंय’ हे उत्तर मिळतं.

यातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात. तिसऱ्या आकड्याबाबत मात्र प्रश्न विचारायला हवा. ‘बिल वाढलं’ असं आपण एका दमात म्हणतो. प्रत्यक्षात कर, दिवसांचा हिशेब, संपलेली सवलत, जोडलेली सेवा आणि खरी दरवाढ ही वेगवेगळी कारणं असतात. त्यातलं कोणतं कारण आहे हे कळलं की भांडायचं की गप्प पैसे भरायचे, हे ठरवता येतं. त्यासाठी आधी एक काम करा. कंपनीच्या अ‍ॅपमधून या महिन्याच्या आणि मागच्या महिन्याच्या बिलाची पीडीएफ डाउनलोड करा. एसएमएसमध्ये फक्त एकूण रक्कम असते, तिच्यावरून काहीच कळत नाही.

जाहिरातीतला आकडा आणि १८ टक्के

इंटरनेट सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. महाराष्ट्रातल्या ग्राहकाच्या बिलात तो ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा अशा दोन ओळींत दिसतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येण्याआधी अधिभारासह १५ टक्के सेवाकर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले, बऱ्याच वस्तू स्वस्त झाल्या, पण इंटरनेटवरचा दर १८ टक्केच राहिला.

त्यामुळे ३९९ चा प्लॅन प्रत्यक्षात ४७०.८२ रुपयांना पडतो, ४९९ चा ५८८.८२ ला, ७९९ चा ९४२.८२ ला आणि ९९९ चा १,१७८.८२ ला. बिस्किटाच्या पुड्यावरची एमआरपी सर्व करांसह छापावी लागते, पाकीटबंद वस्तूंसाठी तसं कायद्याचंच बंधन आहे. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात कराशिवायचा आकडा आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘कर अतिरिक्त’ अशी पद्धत रूढ झाली आहे. हे बेकायदा आहे असं नाही. पण घरचं बजेट करणाऱ्याला जो आकडा हवा तो कंपनी सांगत नाही, हेही खरं. दोन कंपन्यांच्या प्लॅनची तुलना करताना दोन्हीकडे १.१८ ने गुणून पाहा. एकाने करासह आणि दुसऱ्याने कराशिवाय दर सांगितलेला असण्याची शक्यता असते, विशेषतः गल्लीतल्या ऑपरेटरशी बोलताना.

पहिलं बिल इतकं मोठं का?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून हा हिशेब सविस्तर पाहू.

पोस्टपेड ब्रॉडबँडमध्ये अनेक कंपन्या महिन्याचं भाडं आगाऊ घेतात. तुमची बिलिंग सायकल महिन्याच्या १ तारखेला सुरू होते आणि कनेक्शन ११ जूनला सुरू झालं असं समजा. १ जुलैच्या बिलात दोन गोष्टी येतील. ११ ते ३० जून या २० दिवसांचं भाडं, म्हणजे ७९९ भागिले ३० गुणिले २०, झाले ५३२.६७ रुपये. शिवाय जुलैचं पूर्ण भाडं आगाऊ, ७९९ रुपये. बेरीज १,३३१.६७. त्यावर १८ टक्के जीएसटी २३९.७० रुपये. एकूण १,५७१.३७. वर दिलेला १,५७१ चा आकडा असा तयार होतो आणि त्यात गैर काही नाही. ऑगस्टच्या बिलात फक्त एका महिन्याचं भाडं राहील आणि रक्कम ९४२.८२ वर येईल. मात्र याच पहिल्या बिलात इन्स्टॉलेशनचे पैसे किंवा राउटरची अनामतही असू शकते. अनामत परत मिळणारी रक्कम असते, ती भाड्यात मिसळलेली नाही ना, एवढं पाहून ठेवा आणि ते बिल जपून ठेवा. तीन वर्षांनी कनेक्शन बंद करताना अनामतीचा पुरावा तुमच्याकडूनच मागितला जाईल.

मध्येच प्लॅन बदलला की असाच झटका बसतो. जुलैचे ७९९ रुपये आगाऊ भरलेले आहेत आणि १६ जुलैला तुम्ही ९९९ चा प्लॅन घेतला. उरलेल्या १६ दिवसांसाठी जुन्या प्लॅनचे ४१२.३९ रुपये जमा दाखवले जातात आणि नव्या प्लॅनचे ५१५.६१ नावे पडतात. फरक साधारण १०३ रुपयांचा. ऑगस्टच्या बिलात तो ९९९ मध्ये मिळवला की १,१०२ आणि करासह सुमारे १,३०१ रुपये होतात. तुमची अपेक्षा १,१७९ ची असते. सप्टेंबरपासून तेवढंच यायला हवं. सप्टेंबरमध्येही जास्त आलं, तर कारण दुसरं आहे.

इथे एक ओळ नक्की शोधा: जुन्या प्लॅनची जमा रक्कम. नव्या प्लॅनचे पैसे लावले आणि जुन्याचे परत दिलेच नाहीत, असं झालं तर १६ दिवसांचं भाडं दोनदा घेतलं गेलं. बिलात जमा रक्कम वजा चिन्हाने दिसते. ते चिन्हच नसेल तर तक्रारीला जागा आहे.

प्रीपेड ब्रॉडबँडमध्ये हा प्रकार नाही, तिथे वैधतेचे दिवस मोजायचे. २८ दिवसांची वैधता असेल तर वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. दर तोच असला तरी वर्षाचा खर्च एका रिचार्जने वाढतो.

सातव्या महिन्यातलं गूढ

आता त्या ९४३ वरून १,१७९ वर गेलेल्या बिलाकडे येऊ. दोन्ही आकड्यांतून कर काढून टाका: ९४३ चे होतात ७९९, १,१७९ चे ९९९. म्हणजे भाडंच २०० रुपयांनी वाढलं. याचं नेहमीचं कारण म्हणजे तुम्ही ज्याला प्लॅनची किंमत समजत होता ती प्रत्यक्षात सहा महिन्यांची सवलतीची किंमत होती.

सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की दर कमी पडतो किंवा वर एखादा महिना फुकट मिळतो. जाहिरातीत त्याच रकमेला महिन्यांनी भागून ‘दरमहा फक्त इतके’ असं लिहिलं जातं. मुदत संपली आणि तुम्ही पुन्हा सहा महिन्यांचे भरले नाहीत, की कनेक्शन महिन्याच्या दरावर जातं. ते तांत्रिकदृष्ट्या दरवाढ नसते. पण सवलत संपल्याची तारीख ग्राहकाला ठळकपणे सांगितली होती का, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते दर महिन्याच्या बिलावर ‘सवलत अमुक तारखेपर्यंत’ ही एक ओळ छापणं कोणत्याही कंपनीला अवघड नाही. ज्या सॉफ्टवेअरला २० दिवसांचं भाडं दोन दशांशांपर्यंत काढता येतं, त्याला तारीखही छापता येईल.

ओटीटीचंही तसंच. कनेक्शनसोबत तीन महिने मोफत म्हणून दिलेलं अ‍ॅप चौथ्या महिन्यात सशुल्क होऊन बिलात बसू शकतं. ‘एक महिना जास्त स्पीड मोफत’ अशा ऑफरमध्ये महिना संपल्यावर जुना स्पीड परत येणार की नव्या स्पीडचे पैसे लागणार, हे ऑफर घेतानाच विचारा. उत्तर शक्यतो चॅटवर घ्या, म्हणजे स्क्रीनशॉट राहतो.

ग्राहकाच्या खरेदीत त्याला न विचारता वस्तू टाकणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं, या तिन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नोंदल्या आहेत. अशा एकूण १३ युक्त्या त्या यादीत आहेत. न मागितलेली सेवा बिलात दिसली तर तक्रारीत या सूचनांचा उल्लेख जरूर करा.

डेटा जास्त वापरला म्हणून?

हे कारण फोनवर अनेकदा ऐकायला मिळतं. घरगुती ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये ३,३०० जीबीची मर्यादा सर्रास दिसते. ती ओलांडली की साधारणपणे स्पीड कमी होतो, बिल वाढत नाही. आणि ३,३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी व्हिडिओला तासाला साधारण ३ जीबी लागतात असं धरलं, तर रोज ३६ तास टीव्ही पाहावा लागेल. दिवस २४ तासांचाच असल्याने एका टीव्हीवर हे जमणार नाही. चार-पाच जणांच्या घरात सगळे स्क्रीन सतत चालू असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘जादा डेटा’च्या नावाने रक्कम लावली असेल तर तुमच्या प्लॅनच्या अटींत तशी तरतूद आहे का, हे दाखवायला सांगा. कमी जीबीच्या स्वस्त प्लॅनमध्ये किंवा टॉप-अप घेतला असेल तर ती असू शकते.

उरलेल्या किरकोळ ओळी पटकन पाहून घ्या. उशिरा भरल्याचा दंड, मागची थकबाकी, स्टॅटिक आयपी, फायबरसोबतच्या लँडलाइनवरून केलेले आंतरराष्ट्रीय कॉल, सेट-टॉप बॉक्सचं भाडं. मागची थकबाकी दिसली म्हणून घाबरू नका; बिल तयार झाल्यानंतर तुम्ही पैसे भरले असतील तर ते पुढच्या बिलातच जमा दिसतात. एकाच बिलात मोबाइल, टीव्ही आणि फायबर घेतलं असेल तर कोणता भाग वाढला ते वेगळं करून पाहा. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने मोबाइलचे दर वाढवले होते. ती वाढ मोबाइलची होती. एकत्रित बिल घेणाऱ्याला मात्र एकच फुगलेली रक्कम दिसते आणि दोष वाय-फायवर जातो.

कंपनी खरंच दर वाढवू शकते का?

हो. ब्रॉडबँडचे दर सरकार ठरवत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, या बाबतीत कंपन्यांना मोकळीक देतं. प्लॅन लागू केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तो ट्रायला कळवला की झालं. स्पर्धा असेल तर दर आपोआप खाली राहतील, हा त्यामागचा विचार. बऱ्याच अंशी तो खराही ठरला. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओ फायबर आलं तेव्हा सर्वात स्वस्त प्लॅन ६९९ रुपयांचा होता, वर्षभरात तो ३९९ वर आला आणि इतर कंपन्यांनाही खाली यावं लागलं. पण ज्या इमारतीत एकाच ऑपरेटरची केबल आहे, सोसायटी दुसऱ्याला परवानगी देत नाही, किंवा ज्या गावात एकच पर्याय पोहोचला आहे, तिथल्या ग्राहकाला या स्पर्धेचा फारसा उपयोग नाही.

आपल्याकडे घरगुती ब्रॉडबँडमध्ये दीड-दोन वर्षांचा करार सहसा नसतो. त्यामुळे दर पटला नाही तर मुदत संपल्यावर सोडून जाता येतं. ब्रिटनमध्ये असे लांब करार असतात आणि करार चालू असतानाच महागाईच्या दराप्रमाणे बिल वाढवलं जायचं. १७ जानेवारी २०२५ पासून तिथल्या ऑफकॉम या नियामकाने नव्या करारांत ही पद्धत बंद केली. वाढ करायची असेल तर ती किती पौंड-पेन्स आणि कधी, हे करार करतानाच सांगावं लागतं. आपल्याकडेही ‘सहा महिन्यांनंतर इतके रुपये’ हे आधीच आकड्यात सांगायला लावलं, तर सातव्या महिन्याचे निम्मे वाद होणार नाहीत.

ऑटो-पे चालू आहे? मग हे वाचाच

बीएसएनएलचं बिल दोन महिन्यांनी पोस्टाने यायचं तेव्हा ते भरायला रांगेत उभं राहावं लागे. म्हणून आकडा डोळ्यांखालून जायचा. आता पैसे खात्यातून आपोआप जातात. सवलत संपल्याचं चार-चार महिने लक्षात येत नाही ते यामुळे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला रकमेसह सूचना मिळायला हवी, आणि ती वजावट थांबवण्याची सोयही हवी. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. ब्रॉडबँडचं जवळपास प्रत्येक बिल याच मर्यादेत बसतं. थोडक्यात, तो आदल्या दिवशीचा एसएमएस हाच तुमचा एकमेव थांबा आहे. प्रमोशनच्या मेसेजच्या ढिगात तो हरवू देऊ नका.

दुसरी गोष्ट. ऑटो-पेची परवानगी देताना कमाल रक्कम ठरलेली असते. तुमचं बिल ९४३ चं आणि परवानगी ५,००० ची असेल, तर ४,९९९ पर्यंतचं कोणतंही बिल निमूट कापलं जाईल. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटो-पेच्या विभागात ही मर्यादा दिसते. ती फार मोठी असेल तर परवानगी रद्द करा आणि शक्य असल्यास कमी रकमेची नवी द्या. मात्र लक्षात घ्या, ऑटो-पे बंद केलं म्हणजे कनेक्शन बंद होत नाही. पोस्टपेडमध्ये भाडं चढत राहतं आणि दंडही लागतो. कनेक्शन सोडायचं असेल तर तशी लेखी विनंती करून तिचा क्रमांक घ्या.

केबलवाला रोख पैसे घेतो, बिल देत नाही

मोठ्या शहरांबाहेर, आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी वस्त्यांमध्येही, इंटरनेट म्हणजे टीव्हीची केबल देणारा तोच ओळखीचा माणूस. महिन्याला अमुक रुपये, रोख किंवा त्याच्या क्यूआर कोडवर. रात्री अकराला वायर तुटली तर तो येतो, हे त्याचं बळ. पण ‘या महिन्यापासून पन्नास वाढले’ असं तो सांगतो तेव्हा पडताळणार कशाशी? बिलच नसतं.

त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादी परवानाधारक इंटरनेट कंपनी असते. तुमचा यूजर आयडी तिचाच असतो. त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा पोर्टलवर लॉग-इन करून आपल्या नावावर कोणता प्लॅन आणि किती रक्कम नोंदली आहे ते पाहा. १०० एमबीपीएसचे पैसे देऊन ५० चा प्लॅन चालू असल्याचं तिथेच कळू शकतं. तो ‘जीएसटीसकट’ पैसे घेत असेल तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो कुणालाही तपासता येतो. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत.

तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने?

आधी कंपनीकडे. फोनवर बोला, पण डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढची प्रत्येक पायरी त्या नंबरावर उभी आहे. ‘बिल जास्त आलं’ असं मोघम सांगू नका. ‘बिल क्रमांक अमुक, भाडं ७९९ ऐवजी ९९९ लावलं आहे, मी प्लॅन बदललेला नाही’ असं नेमकं सांगा. बिघाडामुळे सेवा बंद होती तेव्हाचं भाडंही याच वेळी मागा. बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त लांबला तर भाड्यात सूट देण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे, मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते.

उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत मिळालंच नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला ही व्यवस्था ठेवावी लागते आणि अपिलाला शुल्क नाही. त्याचा ई-मेल वेबसाइटच्या तळाशी कुठेतरी असतो, शोधावा लागतो. ट्रायला थेट मेल करून फारसं हाती लागत नाही, कारण ट्राय वैयक्तिक तक्रारींवर निकाल देत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक जुना गैरसमज अजून टिकून आहे, की टेलिफोन-इंटरनेटच्या वादात ग्राहक न्यायालय चालत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवलं होतं, तेव्हापासून कंपन्यांचे वकील तोच मुद्दा पुढे करत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. दोनशे रुपयांसाठी आयोगात कोण जाणार, हे खरं आहे. पण दरमहा २०० रुपये म्हणजे करासह वर्षाला २,८३२ होतात, आणि अपील प्राधिकाऱ्याला पाठवायच्या मेलला दोन पीडीएफ जोडायला दहा मिनिटं पुरतात.